ओठांना बसेल असं

ओशिवऱ्यात टायरवाल्याच्या डोक्यावर
एक खोली आहे, कपाटाएवढी.
आत मी, एक माईक आणि एक बेट.
एसी बंद ठेवतात,
नाहीतर त्याची घरघर
पॅसिफिकच्या लाटांत ऐकू येते.

बेटावर मेलिसा आली आहे,
साखरपुडा मोडून, एक बॅग हरवून.
ती सव्वीसची, मी अठ्ठेचाळीसची.
ती होडीतून पडते तेव्हा
मी ग्लासात तोंड घालून बुडबुडे काढते.
ती नावाड्याचा मुका घेते तेव्हा
मी घेते माझ्याच मनगटाचा,
घड्याळ काढून ठेवून.
काचेपलीकडून तबरेज म्हणतो,
"ताई, थोडा कमी ओला."

नावाड्याचा आवाज दुपारनंतर येतो.
सायमन डाबरे, वसईचा.
सहा वर्षं आमचं प्रेम चालू आहे,
बर्फात, घोड्यांच्या रँचवर,
एकदा तर माझ्यासाठी तो बेकरी विकून आला.
पण मी दीडला निघते, तो चारला येतो.
मला माहीत आहे ती फक्त
माईकच्या स्टँडवर राहिलेली
त्याची खडीसाखरेची पुडी.
त्यातला एक खडा मी खाल्ला होता. एकदाच.
बरं, दोनदा.

एकाहत्तराव्या मिनिटाला अडलो.
सूर्य बुडतोय, माड वाकलेत,
मेलिसा तोंड उघडते. तीन अक्षरांपुरतं.
आणि कागदावर लिहिलंय
"माझं तुझ्यावर खूप खूप प्रेम आहे."
तिचे ओठ मिटतात तेव्हा
मी जेमतेम "तुझ्यावर"पाशी पोचलेली,
उरलेलं सगळं प्रेम
तिच्या मिटल्या तोंडावरून वाहून जातं.

"आवडतोस" म्हणून पाहिलं.
शेवटी तिच्या ओठांचा चंबू होतो, माझा होत नाही.
"माझाच तू" म्हटलं.
तबरेज म्हणाला, कोर्टाची नोटीस वाटते.
लेखकाला फोन लावला, तो वैतागला,
"अहो, मराठीत हे तोंडावर म्हणतं कोण?"

खरंच, कोण म्हणतं?
बाबा रात्रपाळीहून यायचे,
आणि चारकोपच्या त्या खोलीत
आई कडी काढता काढताच विचारायची.
दार पूर्ण उघडायच्या आत.

मी हेडफोन चढवले.
मेलिसाने त्याच्याकडे पाहिलं.
"जेवलास तू?"

व च्या जागी व. ऊ च्या जागी ऊ.
तबरेजने तीनदा फिरवून बघितलं,
डब्यावर झाकण बसावं तसं बसलं होतं.
चॅनेलच्या बाईंनी विचारलं, "पण सीनमध्ये जेवण कुठंय?"
तबरेज म्हणाला, "मागे जाळं आहे ना, मॅडम. मासे असतील."

सायमनने ते चार वाजता कानात ऐकलं असणार.
त्याच्या कागदावर होतं, "माझंही तुझ्यावर."
तो काय बोलला ते मला
शनिवारी दुपारी दोनला कळलं, सगळ्या महाराष्ट्रासोबत.
शेजारच्या दमयंतीबाई वाल सोलत बसल्या होत्या.
मेलिसाने विचारलं.
नावाड्याने समुद्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि खर्जात, अगदी हळू,
"नाही अजून."

"बरं झालं विचारलंन्," दमयंतीबाई म्हणाल्या,
"पोरगा दिसतोच हडकुळा."
सोललेला वाल त्यांनी सालांत टाकला.
मी काहीच बोलले नाही. माझा आवाज
टीव्हीत होता.

आज सोमवार. दीड वाजून गेला, मी निघाले नाही.
टायरवाल्याच्या बाकावर बसले आहे,
मांडीवर कोलंबीभात, दोघांना पुरेल इतका,
थोडा जास्तच.
त्याचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही.
गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या
ओठांकडे बघते आहे,
आणि एकदोघे घाबरून रस्ता बदलून गेलेत.

पावणेचार.
डब्याला हात लावून पाहिला.
कोमट आहे अजून.